रायझेन ७ ७८००एक्स३डी आणि कोअर आय९-१४९००के : खेळ, काम आणि विजेचे गणित

एएमडीचा रायझेन ७ ७८००एक्स३डी आणि इंटेलचा कोअर आय९-१४९००के हे दोन प्रोसेसर २०२३ या एकाच वर्षी बाजारात आले. पहिला ६ एप्रिलला, ४४९ डॉलर या जाहीर किमतीला. दुसरा १७ ऑक्टोबरला, ५८९ डॉलरला. दोन्ही कंपन्यांनी त्यानंतर नव्या पिढ्या आणल्या असल्या, तरी संगणक सुटे भाग घेऊन जुळवणाऱ्यांच्या बोलण्यात ही जोडी आजही येते. नव्या मालामुळे यांच्या किमती उतरतात, वापरलेले नग विकायला निघतात आणि एकाच यंत्रावर खेळ व काम दोन्ही करू पाहणारा ग्राहक नेमका या टप्प्यावर अडखळतो. कागदावर पाहिले तर ही तुलना एकतर्फी वाटते. एकीकडे ८ कोअर, १६ थ्रेड आणि ५ गिगाहर्ट्झचा कमाल वेग. दुसरीकडे २४ कोअर, ३२ थ्रेड आणि ६ गिगाहर्ट्झ. तरीही बहुतेक खेळांत ८ कोअरवाला प्रोसेसर २४ कोअरवाल्याच्या बरोबरीने किंवा थोडा पुढे धावतो. याचे कारण त्याच्या कॅशमध्ये आहे.

प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममध्ये असते. पण रॅमपर्यंत जाऊन येणे त्याच्या दृष्टीने फार वेळखाऊ काम आहे. एका फेरीला साधारण ७० नॅनोसेकंद धरले, तर ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरची तेवढ्यात ३५० आवर्तने वाया जातात. म्हणून वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अंगावरच, कॅश नावाच्या छोट्या व अतिशय वेगवान मेमरीत ठेवली जाते. वाण्याने रोजचा माल गल्ल्याशेजारी आणि उरलेला मागच्या गोदामात ठेवावा, तशी ही व्यवस्था. कोअर आय९-१४९००केकडे तिसऱ्या पातळीची कॅश ३६ एमबी आहे. रायझेनकडे ती ९६ एमबी आहे. मूळच्या ३२ एमबीवर ६४ एमबीची आणखी एक सिलिकॉन चकती थेट चढवून, तांब्याला तांबे भिडवून ती जोडलेली आहे. नावातील ‘३डी’ हे अक्षर या मजल्याचेच.

खेळाचे स्वरूप असे असते, की पुढच्या क्षणी कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधणे अवघड जाते. खेळाडू कुठे वळेल, कोणती वस्तू समोर येईल, शेकडो पात्रांपैकी कोण काय करील, हे सारे विखुरलेले हिशेब असतात. अशा वेळी मोठी कॅश थेट उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ, असेटो कोर्सा काँपेटित्सिओने यांसारख्या खेळांत हा लाभ विशेष दिसतो. सगळ्याच खेळांत तो सारखा नसतो आणि ४के पडद्यावर खेळणाऱ्याला तर तो बऱ्याचदा जाणवतही नाही; कारण तिथे प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाची वाट पाहत बसलेला असतो. मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड घेऊन त्यासोबत महागडा प्रोसेसर बसवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पैसे वाचवायचे असतील, तर ते प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डाकडे वळवणे हाच अधिक शहाणपणाचा व्यवहार होय.

या मजल्याची किंमतही मोजावी लागते. वरची चकती खालच्या थराची उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत येते, म्हणून एएमडीने या प्रोसेसरचा वेग ५ गिगाहर्ट्झवर आणि कमाल तापमान ८९ अंश सेल्सिअसवर रोखले आहे. गुणक वाढवून वेग चढवण्याची मुभाही दिलेली नाही. शिवाय ज्या कामात माहिती सरळ रांगेने येते आणि कोअरची संख्याच निकाल ठरवते, तिथे मोठी कॅश फारशी कामास येत नाही.

अशी कामे म्हणजेच वर्कस्टेशनची कामे. इंटेलच्या २४ कोअरपैकी ८ मोठे आणि १६ छोटे आहेत. छोटे कोअर एकेकटे संथ असले, तरी समूहाने बरेच काम उरकतात. ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर केलेले रेंडरिंग, मोठ्या सॉफ्टवेअरचे कंपायलिंग, व्हिडिओचे रूपांतर अशा सर्व कोअरांना जुंपणाऱ्या कामांत १४९००के रायझेनच्या जवळपास दुप्पट काम करतो. ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्समध्ये आराखडे काढणाऱ्याला कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो. तिथेही ६ गिगाहर्ट्झचा इंटेल स्पष्टपणे पुढे राहतो. व्हिडिओ संपादकांसाठी त्याची आणखी एक जमेची बाजू आहे. त्यातील अंगभूत ग्राफिक्स विभाग क्विक सिंक या सोयीमुळे आधुनिक कॅमेऱ्यांचे १० बिटचे ४:२:२ एचईव्हीसी चित्रीकरण थेट उलगडतो. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करून त्याच रात्री संपादनाला बसणाऱ्याला ही सोय कागदावरील कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाची वाटेल.

रायझेनच्या बाजूनेही काही सांगण्याजोगे आहे. एव्हीएक्स-५१२ ही गणनसूची त्यात चालते, इंटेलच्या या प्रोसेसरात चालत नाही. काही वैज्ञानिक गणितांना तिचा उपयोग होतो. मात्र चार रॅम पट्ट्या लावल्या की रायझेनची अधिकृत मेमरी गती ५२०० वरून ३६०० मेगाट्रान्स्फरवर उतरते. मोठी मेमरी लागणाऱ्याने दोनच मोठ्या पट्ट्या घेणे बरे. आणि ज्याचे पोटच रेंडरिंगवर आहे, त्याने खरे तर या दोहोंपलीकडे, थ्रेडरिपर किंवा झिऑनच्या वर्गात पाहायला हवे. डीटीपी, हिशेब आणि पत्रव्यवहार एवढेच काम असणाऱ्या कार्यालयाला यांपैकी एकाचीही गरज नाही.

विजेचा मुद्दा बहुतेक खरेदीदार शेवटी विचारात घेतात. तो आधी घ्यायला हवा. इंटेलने १४९००केची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट ठेवली आहे. रायझेनवर १२० वॅटचा शिक्का असला, तरी पूर्ण भारावरही तो प्रत्यक्षात ९० वॅटच्या आसपासच राहतो. खेळताना दोघांत १०० वॅटचा फरक धरला आणि रोज तीन तास खेळ चालला, तर महिन्याला ९ युनिटांचा फरक पडतो. बिलाने घाबरावे असा हा आकडा नव्हे. सतत चालणाऱ्या कामात तर चित्र आणखी बदलते. इंटेल एका तासात २५३ वॅट-तास खर्चून जे काम संपवतो, त्याला रायझेनला दोन तास आणि सुमारे १८० वॅट-तास लागतात. म्हणजे विजेची खरी तफावत वॅटच्या आकड्यांवरून वाटते तेवढी मोठी नाही.

खरी अडचण उष्णतेची आहे. खर्च झालेली वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत, वातानुकूलनाशिवाय, २५० वॅटचा प्रोसेसर आणि त्याहून अधिक वीज ओढणारे ग्राफिक्स कार्ड एकत्र चालवणे सुखाचे नाही. १४९००केसाठी ३६० मिलिमीटरचा द्रवशीतक जवळपास अनिवार्य ठरतो; रायझेनला बऱ्यापैकी हवाई कूलर पुरतो. दोन्ही प्रोसेसरांच्या डब्यात कूलर येत नाही, त्यामुळे हा खर्च वेगळा मोजावा. मदरबोर्डचेही तसेच. इंटेलचा एलजीए१७०० हा सॉकेट १४व्या पिढीबरोबर संपला. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला नवा सॉकेट लागतो. एएमडीने मात्र एएम५ सॉकेटला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला ९८००एक्स३डी त्याच मदरबोर्डवर बसतो. इंटेलच्या बाजूने एवढेच, की एलजीए१७००वर जुनी डीडीआर४ रॅमही चालते. एएम५ला डीडीआर५च हवी.

आता सर्वांत गंभीर बाब. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर काही काळाच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. खेळ सुरू होतानाच बंद पडत आणि पडद्यावर ग्राफिक्स मेमरी संपल्याचा संदेश येई. त्यामुळे अनेकांनी दोष ग्राफिक्स कार्डाला दिला. जुलै २०२४मध्ये इंटेलने मान्य केले, की मायक्रोकोडमधील चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची करण्यात आली. मात्र ही दुरुस्ती पुढील हानी टाळण्यासाठी आहे. जो प्रोसेसर आधीच बिघडला, तो तिने बरा होत नाही. त्याला बदलून घेणे हाच उपाय.

एएमडीचा प्रोसेसरही निष्कलंक नाही. बाजारात येऊन महिना व्हायच्या आत काही ७८००एक्स३डी सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मदरबोर्ड जास्त एसओसी व्होल्टेज देत असल्याचे त्यातून पुढे आले. एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखणारी सुधारणा बायोसमधून दिली. त्या काळातला मदरबोर्ड आजही जुन्या बायोससह कपाटात पडून असू शकतो, म्हणून नवी जुळणी करताना पहिले काम बायोस अद्ययावत करण्याचे.

तेव्हा ज्याचे मुख्य प्रयोजन खेळ आहे आणि काम अधूनमधून, त्याने ७८००एक्स३डी घ्यावा. इथे फारसा वाद नाही. दिवसभर रेंडरिंग किंवा संपादन चालते आणि थंडाव्याची सोय आहे, त्याला १४९००के अधिक काम देईल, पण तो नवा, डबाबंद आणि पावतीसह घ्यावा. वापरलेला १४९००के स्वस्तात मिळाला, तरी आधीच्या मालकाने तो कोणत्या मायक्रोकोडवर आणि किती व्होल्टेजवर चालवला, हे बाहेरून कळत नाही. तयार संगणकातून काढलेल्या नगासाठी इंटेल ग्राहकाला संगणक बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवते. त्यामुळे असा नग घेताना मूळ बिल कोणाच्या नावावर आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.