परसातील कोंबड्यांमधील माइट प्रादुर्भाव

परसातील कोंबड्यांमधील माइट प्रादुर्भाव म्हणजे अष्टपाद वर्गातील अतिसूक्ष्म बाह्यपरजीवींचा घरगुती कोंबड्यांच्या अंगावर, पायांवर किंवा खुराड्यात होणारा उपद्रव होय. माइट हे कीटक नसून गोचीड व कोळी यांचे नातलग आहेत. काही जाती कोंबडीचे रक्त शोषतात, तर काही त्वचेत बिळे करून राहतात. यामुळे रक्तक्षय, अंडी उत्पादनात घट, पंखांची हानी व पायांची विकृती असे परिणाम होतात. पिल्ले आणि खुडूक कोंबड्या तीव्र प्रादुर्भावात दगावूही शकतात. कोणता माइट कोठे राहतो यावर उपचाराची दिशा ठरते. त्यामुळे जात ओळखल्याशिवाय केलेली फवारणी पुष्कळदा निष्फळ ठरते.

प्रमुख जाती

तांबडा माइट: याचे शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी असे आहे. प्रौढ माइट सुमारे १ मिलिमीटरपर्यंत लांब असतो. उपाशी असताना तो करडा-पांढरा दिसतो, तर रक्त शोषल्यावर तांबडा किंवा काळपट होतो. तो कोंबडीच्या अंगावर वास्तव्य करीत नाही. दिवसा तो खुराड्याच्या फटी, बांबूच्या गाठी, बसण्याच्या दांड्यांची टोके आणि अंडी घालण्याच्या पेट्यांचे सांधे यांत लपतो. रात्री बाहेर येऊन तो कोंबडीचे रक्त शोषतो व पुन्हा लपणीत परततो.

ऑर्निथोनिसस प्रजातीचे माइट: समशीतोष्ण प्रदेशांत ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम, तर उष्ण प्रदेशांत ऑर्निथोनिसस बर्सा ही जाती प्रामुख्याने आढळते. तांबड्या माइटच्या उलट यांचे बहुतेक आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते. गुदद्वाराभोवतालच्या पिसांत त्यांची दाटी होते व तेथील पिसे माइटची विष्ठा, कात आणि अंडी यांमुळे काळवंडतात.

खवलेपाय माइट: नेमिडोकॉप्टिस म्युटन्स हा सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा माइट पायांच्या खवल्यांखाली बिळे करून राहतो. तो नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही. त्याच्या कुळातील दुसरी एक जाती पिसांच्या मुळाशी राहते. तिच्यामुळे पिसे गळतात व कोंबड्या स्वतःची पिसे उपटतात.

यांखेरीज सायटोडायटिस न्यूडस हा माइट पक्ष्यांच्या श्वसनमार्गात व वायुकोशांत राहतो. मात्र परसातील कोंबड्यांत पाळणाऱ्याच्या नजरेस पडतात ते मुख्यतः वरील तीन प्रकार.

उवा व गोचिडांपासून भेद

बोलीभाषेत या सर्व परजीवींना अनेकदा सरसकट ‘उवा’ किंवा ‘पिसवा’ म्हटले जाते. कोंबड्यांच्या उवा सहा पायांच्या, पिवळसर व चपळ असतात. त्या पिसे व त्वचेचे कण खातात आणि पिसांच्या बुंध्याशी लिखांचे पांढरे पुंजके चिकटवतात. प्रौढ माइटला आठ पाय असतात. कोंबड्यांचा गोचीड (अर्गस पर्सिकस) हाही तांबड्या माइटप्रमाणे दिवसा फटींत लपतो व रात्री रक्त शोषतो. मात्र तो आकाराने कितीतरी मोठा व चपटा असतो आणि सहज दिसतो. या गोचिडामुळे कोंबड्यांना स्पायरोकीटोसिस हा ज्वरयुक्त रोग होतो. त्यामुळे तो आढळल्यास पशुवैद्यकाकडून वेगळी तपासणी करणे आवश्यक ठरते.

जीवनचक्र

तांबड्या माइटच्या जीवनचक्रात अंडे, डिंभ, दोन अर्भकावस्था आणि प्रौढ असे टप्पे असतात. डिंभाला सहा पाय असतात व तो काहीही खात नाही. त्यापुढील अवस्थांत रक्ताची गरज भासते. मादी प्रत्येक वेळी रक्त शोषल्यानंतर लपणीत थोडी थोडी अंडी घालते. उष्ण व दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे एका आठवड्यात पूर्ण होतो. परिणामी थोड्याशा माइटपासून अल्पावधीत मोठी संख्या तयार होते. प्रौढ माइट थंड व दमट जागी अन्नाशिवाय अनेक महिने तग धरतो. म्हणूनच रिकामे पडलेले जुने खुराडे सुरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही.

ऑर्निथोनिसस माइटचे जीवनचक्रही अनुकूल स्थितीत साधारण एका आठवड्याचे असते. पक्ष्यापासून दूर मात्र ते सुमारे दोन ते तीन आठवडेच जगतात. खवलेपाय माइटचे संपूर्ण जीवनचक्र कोंबडीच्या त्वचेतच पार पडते. त्याचा प्रसार निकट सहवासातून व बसण्याच्या सामायिक दांड्यांवरून सावकाश होतो.

प्रसार

नवीन विकत आणलेली कोंबडी, उसना आणलेला खुडा किंवा डालगे, अंड्यांचे ट्रे आणि वाहतुकीचे पिंजरे ही प्रसाराची नेहमीची साधने आहेत. चिमण्या, कबुतरे व इतर रानपक्ष्यांची घरटी हाही माइटचा एक स्रोत आहे. खुराड्याच्या छपरात पक्ष्यांनी केलेले घरटे पिल्ले उडून गेल्यावर रिकामे झाले, की त्यातील उपाशी माइट खाली उतरून कोंबड्यांकडे वळू शकतात.

लक्षणे

रक्तशोषक माइटमुळे तुरा व चेहरा फिकट पडतो. कोंबडी मलूल होते, वजन घटते आणि अंडी कमी होतात. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जाण्यास टाळाटाळ करतात किंवा झाडावर, गोठ्याच्या आढ्यावर बसू लागतात. हे तांबड्या माइटचे बोलके लक्षण मानले जाते. अंड्यांच्या कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसू शकतात. हे ठिपके रक्त शोषलेले माइट चिरडल्यामुळे पडतात. रवणीला बसलेली कोंबडी दिवसरात्र एकाच जागी असल्याने तिला सर्वाधिक त्रास होतो व ती अंडी सोडून उठते.

खवलेपाय विकारात पायांवरील खवले उचलले जातात, त्यांखाली पांढरी भुकटीसारखी पपडी साचते आणि पाय जाड व खडबडीत दिसतात. उपचार न झाल्यास कोंबडी लंगडते व बोटे झडू शकतात. हा विकार वयस्क कोंबड्यांत अधिक आढळतो.

तांबडा माइट साल्मोनेलासारख्या रोगजंतूंचा वाहक ठरू शकतो, असे संशोधनात दिसून आले आहे.

निदान

तांबड्या माइटसाठी दिवसा कोंबडी तपासून उपयोग होत नाही. रात्री विजेरीच्या प्रकाशात दांड्यांची खालची बाजू व सांधे पाहिल्यास हालचाल करणारे माइट दिसतात. पांढरे कापड किंवा कागद दांडीवरून पुसल्यास तांबडे डाग उमटतात. लपणीच्या जागी साचलेली, मीठ व मिरपुडीच्या मिश्रणासारखी दिसणारी करडी धूळ हीदेखील माइटची खूण आहे. पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे दांड्यांखाली बांधून काही दिवसांनी उघडून पाहणे हा सापळ्याचा सोपा व स्वस्त प्रकार आहे.

ऑर्निथोनिसस माइटसाठी कोंबडी दिवसा हातात धरून गुदद्वाराभोवतालची पिसे फुंकर मारून विलग करून पाहतात. खवलेपाय विकाराचे निदान बहुधा पायांच्या स्वरूपावरूनच होते. शंका असल्यास पशुवैद्यक पपडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

उपचार

खुराड्याचे उपचार

तांबड्या माइटच्या बाबतीत उपचाराचा मुख्य रोख खुराड्यावर असतो. केवळ कोंबडीवर औषध लावल्यास फटींतील माइट व त्यांची अंडी शाबूत राहतात. प्रथम तूस, पेंढा व जुनी घरटी काढून जाळून टाकतात. त्यानंतर सुटे होणारे सर्व भाग वेगळे करून घासतात व त्यांवर उकळते पाणी ओततात. सुमारे ४५ अंश सेल्सियसहून अधिक उष्णता या माइटला सोसत नाही. त्यामुळे कडक उन्हात सुटे भाग दीर्घकाळ तापविण्याचाही उपयोग होतो. मात्र खोल सांध्यांपर्यंत ऊब पोहोचत नसल्याने केवळ उन्हावर विसंबता येत नाही. स्वच्छतेनंतर फटी बुजवून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइड औषधाची फवारणी करतात. या वेळी कोंबड्या, खाद्य, पाणी व अंडी बाहेर काढलेली असावी लागतात.

बहुतेक औषधे अंड्यांवर परिणाम करीत नाहीत. त्यामुळे सुमारे ५ ते ७ दिवसांनी दुसरी फवारणी करावी लागते. ही दुसरी फेरी टाळणे हे उपचार फसण्याचे एक प्रमुख कारण होय. पायरेथ्रॉइडांना दाद न देणारे माइट अनेक देशांत आढळले आहेत. अशा वेळी मात्रा वाढविण्याऐवजी वेगळ्या गटाचे औषध निवडणे योग्य ठरते. पायरेथ्रॉइड मासे व मधमाश्यांना अत्यंत विषारी असतात, तर परमेथ्रिन मांजरांनाही घातक असते. म्हणून उरलेले द्रावण विहीर, ओढा किंवा तळ्याजवळ ओतत नाहीत.

कोंबडीवरील उपचार

ऑर्निथोनिसस माइटसाठी कोंबडीवरच, विशेषतः गुदद्वाराभोवती, त्वचेपर्यंत पोहोचेल अशा रीतीने मान्यताप्राप्त भुकटी किंवा द्रावण लावतात. कळपातील प्रत्येक पक्ष्यावर एकाच दिवशी उपचार करणे आवश्यक असते. एखादी कोंबडी राहून गेल्यास तिच्यापासून पुन्हा प्रसार होतो.

फ्लुरालानेर हे पिण्याच्या पाण्यातून देण्याचे औषध युरोपीय संघात २०१७ मध्ये मान्य झाले. ते सात दिवसांच्या अंतराने दोनदा दिले जाते. आयव्हरमेक्टिनचा वापर काही ठिकाणी केला जातो, तथापि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी अनेक देशांत त्यास मान्यता नाही. त्यामुळे ते पशुवैद्यकाच्या देखरेखीविना देणे अयोग्य समजले जाते.

खवलेपाय विकाराचे उपचार

पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने सैल पपडी हलक्या हाताने काढतात. खवले ओढून काढल्यास रक्तस्राव होतो. त्यानंतर पाय कोरडे करून व्हॅसलिन, खनिज तेल किंवा गंधकाचे मलम लावतात. या लेपामुळे माइटचा श्वास कोंडतो व त्वचा मऊ होते. हा उपचार अनेक आठवडे चालू ठेवावा लागतो. रॉकेल किंवा डिझेलमध्ये पाय बुडविण्याची जुनी पद्धत त्वचा भाजणारी व पक्ष्यास विषारी असल्याने टाळली जाते.

औषधांचे अवशेष

परसातील अंडी प्रायः घरातच, त्यातही लहान मुलांच्या आहारात वापरली जातात. त्यामुळे औषधाचा अंश अंड्यात व मांसात उतरण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. औषधाच्या वेष्टनावर दिलेला, अंडी व मांस न खाण्याचा कालावधी पाळणे आवश्यक असते.

या धोक्याचे ठळक उदाहरण २०१७ मध्ये युरोपात दिसले. नेदरलँड्स व बेल्जियममधील कुक्कुटगृहांत तांबड्या माइटविरुद्ध वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक आढळले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्याचा वापर युरोपीय संघात निषिद्ध होता. लक्षावधी अंडी बाजारातून परत घेण्यात आली व इतर अनेक देशांनाही त्याची झळ पोहोचली. भारतात फिप्रोनिल कुत्र्यांच्या गोचिडांवरील फवाऱ्यांत सर्रास मिळते. हे फवारे कोंबड्यांसाठी नसतात.

जुन्या पुस्तिकांत सुचविलेली काही औषधेही आता कालबाह्य झाली आहेत. कार्बारिलवर भारतात २०१८ च्या आदेशाने बंदी आली. ‘गॅमेक्झिन’ या नावाने परिचित असलेल्या लिंडेनवरही बंदी आहे.

पारंपरिक व रसायनविरहित उपाय

धूळस्नान ही कोंबडीची नैसर्गिक सवय आहे. कोरडी माती व चाळलेली राख यांचा खड्डा उपलब्ध करून दिल्यास अंगावरील परजीवी कमी होण्यास मदत होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी धूळस्नानाच्या पेट्यांत गंधक, केओलिन व डायॅटमी माती मिसळून प्रयोग केले. त्यांत अंगावर राहणारे माइट व उवा यांची संख्या घटली व गंधक सर्वाधिक परिणामकारक ठरले. मात्र हा लाभ पेटीचा वापर करणाऱ्या कोंबड्यांपुरताच व पेटी उपलब्ध असेपर्यंतच टिकतो. खुराड्यात लपणाऱ्या तांबड्या माइटवर धूळस्नान पुरेसे नसते.

डायॅटमी माती माइटच्या अंगावरील मेणाचा थर शोषून त्याला शुष्क करते. दमट हवेत तिचा प्रभाव घटतो. त्यामुळे कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात तिचा उपयोग मर्यादित राहतो. ती फवारताना नाका-तोंडावर फडके बांधणे आवश्यक असते, कारण तिची बारीक धूळ माणसाच्या व कोंबडीच्या श्वसनमार्गाला अपाय करते.

अंडी घालण्याच्या जागी कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा आहे. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिनयुक्त सापळ्यांचे तांबड्या माइटवरील प्रयोग स्वीडनमध्ये यशस्वी झाले. तथापि नुसत्या पाल्यात तेवढी तीव्रता असेलच असे नाही. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन कोंबड्यांना विषारी असल्याने तो उपाय धोक्याचा आहे. युरोपात माइट खाणारे भक्षक माइट खुराड्यात सोडण्याची जैविक पद्धतही वापरली जाते.

चोच शाबूत असलेली कोंबडी पिसे साफ करताना पुष्कळ परजीवी स्वतःच काढून टाकते. चोच कापलेल्या कोंबड्यांत माइट व उवांचे प्रमाण अधिक आढळते.

प्रतिबंध

नवीन कोंबडी तपासून दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवणे, उसनी साधने धुऊन वापरणे आणि छपरातील रिकामी घरटी काढणे हे मूलभूत उपाय आहेत. खुराड्याची रचना कमी फटींची व सुटे भाग काढता येतील अशी असावी. सालीसह वापरलेल्या लाकडापेक्षा गुळगुळीत दांड्या उपयुक्त ठरतात. चुन्याच्या सफेदीने बारीक फटी बुजतात. रात्रीची पाहणी उष्ण व दमट महिन्यांत वारंवार करणे हितावह असते.

मानवी आरोग्य

तांबडा माइट व ऑर्निथोनिसस माइट माणसालाही चावतात. अंडी गोळा करणाऱ्या किंवा खुराडे साफ करणाऱ्या व्यक्तींच्या हातांवर व मानेवर खाज सुटणारे पुरळ उठते. हे माइट माणसाच्या अंगावर वस्ती करीत नाहीत. त्यामुळे मानवी खरजेपासून हा त्रास वेगळा आहे व मूळ स्रोत नष्ट झाल्यावर तो थांबतो. खुराडे घराच्या भिंतीला लागून असल्यास माइट घरात शिरू शकतात.

भारतातील महत्त्व

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात परसातील कोंबड्या व इतर कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी होती. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. गावठी कोंबड्यांबरोबर वनराज, ग्रामप्रिया व गिरिराज यांसारख्या सुधारित जातीही परसात पाळल्या जातात. अशा लहान कळपात चार-पाच कोंबड्यांची अंडी थांबली तरी कुटुंबाच्या आहारावर व वरखर्चावर थेट परिणाम होतो. त्यामुळे औषधावर खर्च करण्यापूर्वी रात्रीची तपासणी व खुराड्याची स्वच्छता या बिनखर्ची उपायांना प्राधान्य दिले जाते.