तळटीप : ‘प्रवेश नाकारला’ या पानाविषयी

४. ‘प्रवेश नाकारला’चे पान : हे पान संकेतस्थळाचे नसून मधल्या प्रॉक्सी सर्व्हरचे असते. ‘स्क्विड’ ही मुक्त प्रॉक्सी प्रणाली १९९६पासून वापरात आहे. नकाराच्या निरनिराळ्या कारणांसाठी तिच्यात एचटीएमएलचे वेगवेगळे साचे असतात. साच्यातील टक्केचिन्ह आणि त्यापुढचे अक्षर यांच्या जागी सर्व्हर आयत्या वेळी तपशील भरतो : मोठ्या ‘यू’च्या जागी मागितलेला पत्ता, लहान ‘डब्ल्यू’च्या जागी व्यवस्थापकाचा ईमेल. नुसते टक्केचिन्ह छापायचे असेल तर ते दोनदा लिहावे.

मूळ साच्यांना हात लावू नये. नवी आवृत्ती बसवताना केलेले बदल पुसले जाऊ शकतात. साच्यांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ‘एरर डिरेक्टरी’ या सूचनेत त्या फोल्डरचा मार्ग द्यावा आणि मराठी मजकूर यूटीएफ-८मध्ये जतन करावा. मात्र एचटीटीपीएसवरचे संकेतस्थळ अडवले, तर ब्राउझर सहसा हे पान न दाखवता स्वतःचाच त्रुटिसंदेश दाखवतो.

मराठी मजकूर कशासाठी? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. इथल्या खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान अडले, तर ते का अडले आणि कोणाला भेटायचे, हे त्यांना मराठीत वाचता आलेच पाहिजे. — संपादक