गाडी उलटी का जाते?

वर्गाच्या खिडकीतून भुसावळचं यार्ड दिसणाऱ्या शाळेत आपण शिकलो. भूगोलाच्या तासाला मालगाडीचे डबे मोजल्याबद्दल मी किती वेळा बाहेर उभी राहिले, ते आपल्या बॅचला माहीत आहेच. स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला, तेव्हा सॉफ्टवेअरवर काही लिहिण्यापेक्षा रेल्वेवरच लिहावं असं वाटलं. निम्म्या वर्गाच्या घरात रेल्वेचा पास होता, त्यामुळे हे वाचलं तरी जाईल.

काही वर्षांपूर्वी नोकरीमुळे मी मेम्फिसला आले. शिकागोला एक वर्गमैत्रीण राहते. विमानानं दीड तासाचं अंतर. पण एकदा हट्टानं मी रेल्वेचं तिकीट काढलं. गाडीचं नाव ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स’. रात्री साडेदहानंतर मेम्फिसहून निघते, सकाळी नवानंतर शिकागोला पोचते. रात्र छान गेली. सकाळी उजवीकडे मिशिगन सरोवराची बाजू आली, समोर उंच इमारती दिसू लागल्या. आता स्टेशन येणार म्हणून मी बॅग खाली काढली, तर गाडी डावीकडे वळली, एका पुलावरून नदी ओलांडून पलीकडे गेली, थांबली आणि उलटी चालू लागली. मागे मागे जात ती युनियन स्टेशनात शिरली. महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला गेलेल्यांना दौंड आठवेल. पण दौंडला निदान इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात. इथे अख्खी गाडी ढकलत नेली.

असं का, हे शोधायला बसले आणि त्यात दोन महिने गेले.

कारण साधं आहे. ही गाडी ज्या रुळांवरून येते ते रूळ मुळात युनियन स्टेशनकडे जातच नाहीत. ते इलिनॉय सेंट्रल या कंपनीचे. ही कंपनी 1851 सालची. अब्राहम लिंकन वकिली करत होते तेव्हा तिचे खटलेही चालवत. शिकागोत तिचे रूळ सरोवराच्या काठाकाठानं बाराव्या रस्त्यापर्यंत जात, आणि तिथे तिचं स्वतःचं सेंट्रल स्टेशन होतं. उंच घड्याळाच्या मनोऱ्याचं हे स्टेशन 1893 साली, जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर सुरू झालं. त्या काळी शिकागोत अशी सहा मोठी टर्मिनस होती, वेगवेगळ्या कंपन्यांची. 1971 साली प्रवासी गाड्या ॲमट्रॅककडे आल्या. सहा स्टेशनं पोसण्यात अर्थ नव्हता, म्हणून 1972 साली ही गाडी युनियन स्टेशनला वळवली. सेंट्रल स्टेशन 1974 साली पाडलं. रूळ होते तिथेच राहिले. म्हणून आजही गाडी जुन्या स्टेशनाच्या जेमतेम अर्धा मैल अलीकडून वळते आणि पाठमोरी आत जाते. आमच्या धंद्यात याला ‘लेगसी सिस्टिम’ म्हणतात. वरचा पत्ता बदलला, खालची जोडणी जुनीच.

पण एवढ्यावर मी थांबले असते तर हा लेख लिहिला नसता.

बाराव्या रस्त्याचं ते स्टेशन म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांसाठी शिकागोचा दरवाजा होता. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. मिसिसिपी, लुइझियानातून निघालेल्यांची वाट बहुधा इलिनॉय सेंट्रलची. शिकागोत 1910 साली काळ्यांची संख्या 44 हजार होती. दहा वर्षांत ती एक लाख नऊ हजारांवर गेली. ‘शिकागो डिफेंडर’ हे काळ्यांचं वर्तमानपत्र उत्तरेत या, असं सांगत असे. त्याचे गठ्ठे पुलमन डब्यांतले काळे पोर्टर लपवून दक्षिणेत पोचवत. 1922 च्या ऑगस्टमध्ये लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट घेऊन याच स्टेशनावर उतरला. 1927 साली लेखक रिचर्ड राइट मेम्फिसहून निघाला, म्हणजे थेट माझ्याच वाटेनं. 1943 साली मडी वॉटर्स आला आणि शिकागोच्या ब्लूजचा सूर बदलला.

दक्षिणेत त्यांचा डबा वेगळा, तोही बहुतेक इंजिनाला लागून, धूर आणि ठिणग्या खात जाणारा. डायनिंग कारमध्ये जेवायला मिळेल याची खात्री नाही. म्हणून घरून तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव असं सगळं बुटांच्या रिकाम्या खोक्यात भरून आणायचं. हे वाचताना मला मसूर स्टेशन आठवलं. 1901 साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूरच्या स्टेशनमास्तरानं आधी आस्थेनं चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. पुढे बैलगाडीच्या प्रवासात डब्यात खायला होतं, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलंय. आणि माझे आजोबा, लोको शेडचे फायरमन, सांगायचे की मेलचा ड्रायव्हर गोरा किंवा अँग्लो-इंडियन, आपल्या माणसानं फक्त कोळसा मारायचा. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. फलाटावरच्या ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’बद्दल मात्र ते सहज बोलून जायचे. त्या दोन्ही पाण्यांपासून लांब उभं राहावं लागणाऱ्यांबद्दल तर त्यांनी कधीच काही सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम जागी राहिले. रात्री अडीचच्या सुमारास गाडी ओहायो नदी ओलांडते. पलीकडचं गाव केरो. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचं, उच्चार वेगळा. ही नदी म्हणजे दक्षिणेची हद्द. उत्तरेकडे जाताना इथून पुढे वेगळ्या डब्याची सक्ती संपायची. दक्षिणेकडे जाताना इथेच उठवून त्या डब्यात बसवायचे. मिसिसिपीच्या हॅटिसबर्गहून निघालेल्या एका तांड्यानं नदी ओलांडल्यावर घड्याळं बंद केली, गुडघे टेकून प्रार्थना केली, अशी नोंद आहे. खिडकीतून मला पुलाच्या कमानी आणि खाली काळं पाणी एवढंच दिसलं. शेजारच्या सीटवर पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, मेम्फिसच्या बहिणीला भेटून घरी परतणाऱ्या. त्याही जाग्या होत्या. लहानपणी उन्हाळ्यात आजीकडे जाताना आई केरोच्या आधीच बाथरूमला जाऊन यायला सांगायची, म्हणाल्या. पुढचा डबा कसा असेल सांगता यायचं नाही.

शिकागो म्हणजे काही स्वर्ग नव्हता. 1919 च्या जुलैत, याच रुळांच्या बाजूला एकोणतिसाव्या रस्त्यालगतच्या किनाऱ्यावर, पोहता पोहता गोऱ्यांच्या बाजूला गेलेल्या एका काळ्या मुलाला दगड मारले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत 38 माणसं मेली. आणि 1955 च्या ऑगस्टमध्ये चौदा वर्षांचा एमेट टिल सुटीसाठी शिकागोहून मिसिसिपीला गेला. निघण्याआधी आईनं त्याला वारलेल्या वडिलांची अंगठी दिली होती. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा ठपका ठेवून त्याला घरातून उचलून नेलं आणि ठार मारलं. नदीत सापडलेलं प्रेत ओळखता आलं ते त्या अंगठीवरून. 2 सप्टेंबरला त्याची पेटी इलिनॉय सेंट्रलच्या गाडीनं बाराव्या रस्त्याच्या स्टेशनात आली. आई फलाटावर कोसळली. पण पेटी उघडी ठेवायची, माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला बघू दे, हा हट्ट तिनं सोडला नाही. हजारो लोकांनी रांगा लावून ते पाहिलं. मारणारे दोघे निर्दोष सुटले.

आज त्या स्टेशनाच्या जागी बघायला काही नाही. आसपासच्या उंच इमारतींच्या वसाहतीला मात्र ‘सेंट्रल स्टेशन’ म्हणतात. गाडीही आता हळू झालीय. 1947 साली ही गाडी सुरू झाली तेव्हा न्यू ऑर्लीन्स ते शिकागो सोळा तासांच्या आत यायची, आज एकोणीस तासांच्या आसपास लागतात. रूळ मालगाडीवाल्या कंपनीचे, त्यामुळे प्रवासी गाडीनं वाट बघायची. साइडिंगला उभं राहणं काय असतं, हे भुसावळकरांना सांगायला नको.

युनियन स्टेशनचा मोठा हॉल मात्र देखणा आहे. 1925 सालचा, वर काचेचं छत, खाली लाकडी बाकं. त्याच्या जोडीचा कॉनकोर्स 1969 साली पाडून तिथे ऑफिसं बांधली, त्यामुळे फलाट तळघरासारखे अंधारे.

मैत्रीण गाडी घेऊन आली होती. तिला म्हटलं, घरी जायच्या आधी सव्विसाव्या रस्त्याला चल. तिथे या स्थलांतराचं स्मारक आहे, ॲलिसन सार यांनी केलेलं. दोरीनं बांधलेली बॅग घेतलेला एक ब्राँझचा माणूस उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. जवळ गेल्यावर कळतं की त्याचा अख्खा सूट झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा आहे. मैत्रीण वीस वर्षं शिकागोत राहते. कितीदा इथून गेले, पण थांबले कधीच नव्हते, म्हणाली. आम्ही गप्पच उभ्या होतो. सरोवराच्या बाजूनं एक मालगाडी गेली. डबे तिनेच मोजायला सुरुवात केली.