ठासणीची बंदूक आणि तीनशे पंधरा

कंधार, मुखेड, अहमदपूर या भागांत जोंधळा हुरड्यावर आला की शेतात माळा उभा राहतो. रात्रभर जागल करायची, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, आरोळ्या ठोकायच्या. तरी पहाटे पाहावे तो रानडुकरांनी अर्धे तिफणभर रान लोळवलेले असते, नाहीतर रोह्यांचा कळप भुईमुगातून चालून गेलेला असतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते, "एक रायफल असती तर!" आणि मग चावडीवर चर्चा सुरू होते, कोणती घ्यावी, कितीला मिळते, कोणती टिकते. या चर्चेत एक गोष्ट बहुधा सुटून जाते. आपल्या देशात साध्या माणसाने कोणती बंदूक घ्यावी हे दुकानदाराने फारसे ठरवलेले नाही; ते ठरवले इतिहासाने आणि कायद्याने. ती हकिकत आज सांगायची आहे.

आधी बंदूक आणि रायफल यांतला फरक पाहू. जुनी ठासणीची बंदूक म्हणजे गुळगुळीत नळी. तोंडाकडून काळी दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, मग गजाने ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा तोच सगळा खटाटोप. तोवर डुक्कर पलीकडच्या शिवारात. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो. त्या पिळातून गोळी गरगर फिरत बाहेर पडते. पोरांचा भोवरा जोवर फिरतो तोवर ताठ उभा राहतो, तसेच या गोळीचे. फिरते म्हणून ती सरळ जाते आणि लांब जाते.

आता 'बोल्ट'. हे नाव ऐकून दबकण्याचे कारण नाही. दाराची कडी जशी उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची आणि खाली पाडायची, नेमकी तीच क्रिया. मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे सारली की नवे आत, खाली पाडली की दार बंद. अशी कडीची बंदूक प्रथम प्रशियाच्या सैन्याने १८४१ साली स्वीकारली. ती ड्राइझ नावाच्या कारागिराची. पुढे जर्मनीत माउझर बंधूंनी तिला पक्के रूप दिले, आणि इंग्रजांनी जेम्स ली याची रचना घेऊन १८९५ साली ली-एनफील्ड रायफल काढली. माउझरची कडी पुढच्या बाजूला अडकते म्हणून ती मजबूत, लीची मागच्या बाजूला अडकते म्हणून ती चपळ, असे जाणकार म्हणतात. इंग्रजी फौजेतला कसलेला शिपाई ली-एनफील्डमधून मिनिटाला पंधरा बार नेम धरून काढी. हीच आपली थ्री-नॉट-थ्री. नळीचे तोंड इंचाचे ३०३ सहस्रांश, म्हणून हे नाव.

थ्री-नॉट-थ्रीची ओळख मराठवाड्याला पुस्तकातून झाली नाही. आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४६ च्या ऑक्टोबरात बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. १९४८ साली सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबादेत विमानाने शस्त्रे आणून टाकली. इकडे सरहद्दीवर, उमरखेडसारख्या ठिकाणी, स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न एकच, हत्यार कोठून आणायचे? ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, हा योगायोग आठवला की आजही मन सुन्न होते. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत गावकऱ्यांनी झुंज दिली. उदगीरजवळचे हत्तीबेट लढवय्यांचे ठाणे झाले. ज्याच्या हातात कडीची रायफल त्याची बाजू वरचढ, आणि ज्याच्या हातात ठासणीची त्याला एका बारानंतर देव आठवायचा, हा हिशेब त्या पिढीने जिवावर बेतून शिकून घेतला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

हे एवढ्यासाठी सांगितले की सरकार कोणतेही असो, परके की आपले, लष्करी रायफल घरोघरी जाऊ द्यायला ते बिचकते. का बिचकते हे मराठवाड्याला समजावून सांगण्याची गरज नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची बेडी घातली. शिकारीची हौस असलेल्यांनाही थ्री-नॉट-थ्री मिळेना. त्यातली मेख अशी, की फौजेतून चोरलेले काडतूस खासगी रायफलीत बसता कामा नये. मग तोड निघाली. ऑस्ट्रियाच्या फौजेत मॅनलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस होते. आपल्या इंचाच्या मापात ते .३१५. हिंदुस्थानातल्या फौजेशी त्याचा काही संबंध नव्हता. रायफल ली-एनफील्डच्याच घडणीची, पण नळी त्या परक्या काडतुसाची, अशी जोडणी करून विलायतेतल्या बीएसए कंपनीने इकडच्या बाजारासाठी रायफली काढल्या. ३०३ आणि ३१५ यांत फरक किती? सुताराच्या भाषेत सांगायचे तर एका सुताचा दहावा हिस्सा. तेवढ्या फटीत सगळे राजकारण मावले!

स्वातंत्र्यानंतर तीच वाट आपल्या सरकारने पुढे चालवली. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी इच्छापूर येथे १९०४ सालापासून रायफलींचा कारखाना आहे. तिथे फौजेसाठी थ्री-नॉट-थ्री बनत आली होती. त्याच घडणीवर नागरिकांसाठी.३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनू लागली. पेटीत पाच काडतुसे, लाकडी दस्ता, कसलाही नखरा नाही. माउझर आणि चेकोस्लोव्हाकियाची बर्नो परवडणारे लोक वेगळे; मास्तर, पाटील, निवृत्त फौजदार यांच्या घरी खुंटीवर दिसे ती ही. पुढे १९८० नंतरच्या दशकात खासगी माणसांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली, तेव्हा जुन्या विलायती रायफलींचे भाव आभाळाला भिडले आणि इच्छापूरची रायफल हीच मध्यम माणसाची रायफल उरली. २०२१ साली सरकारी शस्त्र कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यातल्या एकीकडे आता इच्छापूर आहे.

आता कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे तेरावे कलम शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. त्यात म्हटले आहे की पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, किंवा संरक्षणासाठी वा शिकारीसाठी वीस इंचांहून कमी नाही अशा गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर अर्जदार अपात्र नसल्यास परवाना द्यावा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने निशाणबाजीसाठी .२२ ची रायफल मागितली तरी द्यावा, असेही मूळ कायद्यात होते. बाकी सर्व बाबतींत, म्हणजे आपल्या .३१५ च्या बाबतीतही, अधिकाऱ्याला कारण पुरेसे वाटले पाहिजे. पाहा, कायद्याने शेतकऱ्याच्या हातात आपण होऊन जी बंदूक ठेवली ती ठासणीची! ज्या बंदुकीला अठ्ठेचाळीस साली कोणी विचारले नाही, तीच. कित्येक शेतकऱ्यांना हे अन्यायाचे वाटते, आणि मला त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. .३१५ ची गोळी चुकली तर मैलापलीकडे जाते. आपला मुलूख सपाट, गोळी अडवायला टेकाड नाही. जिथे टेकाड आहे तिथे काळा दगड, त्यावर आपटून गोळी कुठे वळेल याचा नेम नाही. छर्रा मात्र बांधाच्या आसपास निवतो. चार वावरे पलीकडे दुसरा कोणी जागलीला बसलेला असतोच.

शिकारीचा मामला तर संपलाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधी बंधने घातली, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच काढून टाकले. एकेकाळी किनवट-माहूरच्या रानात वाघामागे हिंडणाऱ्यांच्या गोष्टी आता गोष्टीच. रोही किंवा डुक्कर पिकाची नासाडी करत असले, तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हाती असल्याशिवाय चाप ओढता येत नाही. खांद्यावरच्या बंदुकीला परवाना आहे म्हणजे जनावर मारायला परवाना आहे, ही समजूत कित्येकांना कोर्टाची पायरी दाखवते. हे दोन कागद वेगळे.

मग कडीच्या रायफलीची हौस असणाऱ्याने जावे कोठे? निशाणबाजीकडे, आणि तिथे मराठी माणसाने मान ताठ ठेवावी असा इतिहास आहे. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, वास्तव्य अहमदाबादेत. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते. शाळा-कॉलेजांत एनसीसीच्या पोरांनी पंचवीस यार्डांवरून झाडलेली .२२ ची रायफल हीसुद्धा कडीचीच. पालथे पडून, श्वास रोखून मारलेल्या त्या पाच गोळ्या पुष्कळ गुरुजींना अजून आठवत असतील. माझ्या पाचांपैकी दोन शेजारच्याच्या निशाणावर गेल्या होत्या आणि शाबासकी त्याला मिळाली होती! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासणारा, त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते पन्नास मीटरवरून, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, .२२ च्याच रायफलीने.

म्हणून नव्या पोराला माझे सांगणे असे. आधी क्लबात नाव घालावे आणि क्लबाचीच रायफल हाताळावी. स्वतःची घ्यायची झाली तर किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा माशीवर येतो का. कडी अडखळत नाही ना. आणि तिची काडतुसे आपल्या जवळच्या शहरात नेहमी मिळतात का. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे. काडतूस मिळत नसलेली उंची माउझर म्हणजे भिंतीवरची शोभा. जुनी घेताना नळीत आतून उजेडाकडे पाहावे. पीळ झिजला असेल, गंज चढला असेल तर स्वस्त मिळाली तरी ती महागच. .२२ लहान म्हणून तिच्याशी खेळू नये, तिची गोळीही मैलभर जीव घेऊ शकते. नळी भरलेलीच आहे असे समजून हाताळावी.

आणि घरी आजोबांची .३१५ असेल तर तिचाही परवाना वेळच्या वेळी नवा करून घ्यावा. वारसाहक्काने रायफल मिळते, परवाना मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, तिसरे जमा करावे लागते. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की गावोगावचे परवानाधारक धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन ठाण्यावर जाताना दिसतात. हवालदार नंबर ताडून पाहतो, वहीत लिहितो आणि पावती देतो. ती पावती जपून ठेवावी.