वृद्धिसंप्रेरक आणि प्रौढांचें हृदय

बालकाचें शरीर वाढविणारें द्रव्य प्रौढ माणसाच्या हृदयाच्याही उपयोगीं पडत असेल, ही कल्पना वैद्यकांत फार उशिरां आली. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका नांवाची ग्रंथि असते. डॉक्टर तिला पिट्यूटरी म्हणतात. तिच्यांतून जे अनेक अंतःस्राव रक्तांत मिसळतात, त्यांपैकीं एकास वृद्धिसंप्रेरक असें नांव पडलें, आणि या नांवानेंच पुढें घोटाळा केला. उंची वाढावयाची थांबली कीं या द्रव्याचें काम संपलें, असा समज रूढ झाला. वस्तुतः निरोगी माणसाची ग्रंथि तें जन्मभर स्रवत असते. वयाबरोबर त्याचें प्रमाण मात्र उतरत जातें.

या द्रव्याचा शोध उंदरांपासून सुरू झाला. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट इव्हान्स व जोसेफ लाँग यांनीं गुरांच्या ग्रंथीचा अर्क टोंचून उंदीर अवाढव्य वाढविले. १९४४ सालीं इव्हान्स व चो हाओ ली यांनीं तें संप्रेरक गुरांच्या ग्रंथींतून शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. मधुमेही माणसास गुराडुकरांचें इन्शुलिन चालत असे. तसें हेंही चालेल, अशी आशा होती. परंतु मनुष्यदेहावर त्याचा परिणाम होईना. १९५६ सालीं ली व हॅरोल्ड पॅपकॉफ यांनीं मानवी ग्रंथींतून तें मिळविलें, आणि त्याच्या योगानें वाढ खुंटलेल्या एका १७ वर्षांच्या रुग्णाची उंची वाढूं लागल्याचें बोस्टनच्या मॉरिस रेबन यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें.

पण हें औषध मिळावयाचें कोठून? मृतांच्या मेंदूखालील ग्रंथींतून. सांठा इतका तुटपुंजा कीं तो खुज्या मुलांसच पुरेना. गांठ, शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार यांमुळें ज्या प्रौढांची ग्रंथि निकामी झाली, त्यांस थायरॉइडचें संप्रेरक, कॉर्टिसोन व लैंगिक संप्रेरकें देण्यांत येत. वृद्धिसंप्रेरक तेवढें वगळलें जाई. अशाच एका ३५ वर्षांच्या स्त्रीस रेबन यांनीं तें देऊन पाहिलें. दोन महिन्यांनंतर आपला जोम, उमेद व स्वास्थ्य वाढल्याचें तिनें सांगितलें. १९६२ सालीं ही नोंद छापून आली; परंतु पुढें सुमारें पाव शतक तिचा नीट पाठपुरावा झाला नाहीं.

१९८५ सालीं या इतिहासास दुःखद वळण लागलें. बालपणीं हें औषध घेतलेल्या कांहीं तरुणांना क्रॉइत्सफेल्ट-याकोब नांवाचा मेंदूचा असाध्य रोग जडल्याचें उघडकीस आलें. मृतांच्या ग्रंथींबरोबर रोगाचें बीजही सुईंतून गेलें होतें. अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें त्याच वर्षीं तें औषध बंद झालें. सुदैवानें जिवाणूंकडून मानवी संप्रेरक तयार करून घेण्याची युक्ति १९७९ सालींच साधली होती, आणि १९८५ संपण्यापूर्वीं तेंही अमेरिकेंत मान्य झालें. ज्यासाठीं मृतदेहांवर अवलंबून राहावें लागे, तें आतां कारखान्यांत होऊं लागलें, आणि प्रौढांचा विसरलेला प्रश्न पुन्हां हातीं घेतां आला.

१९८९ सालीं डेन्मार्क व लंडन येथील दोन प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील प्रयोगांत २४ प्रौढ होते; कांहींना औषध व कांहींना निव्वळ नांवाचें इंजेक्शन देण्यांत आलें. सहा महिन्यांत औषध घेणारांची चरबी सरासरी ५.७ किलो घटली, चरबीविरहित देहभार ५.५ किलो वाढला आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरलें. पुढच्याच वर्षीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून गंभीर आंकडे आले. रोझेन व बेंग्टसन यांनीं ग्रंथि निकामी झालेल्या ३३३ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांना इतर संप्रेरकें मिळत होतीं, वृद्धिसंप्रेरक नव्हतें. सर्वसाधारण लोकांच्या मानानें ५७ मृत्यु अपेक्षित होते, झाले १०४. त्यांपैकीं हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांनीं ३१ च्या जागीं ६० जण दगावले होते.

याचीं संभाव्य कारणेंही दिसून आलीं. हें संप्रेरक कमी पडलें कीं पोटांत चरबी सांचते, घातक कोलेस्टेरॉल वाढतें, रक्तवाहिन्यांचें अस्तर बिघडतें, आणि कित्येकांत हृदयाचा स्नायु दुबळा होऊन श्रमाच्या वेळीं पुरेसें रक्त पुढें लोटीत नाहीं. उपचारानें यांपैकीं बहुतेक दोष कमी होतात. मात्र रक्तांतील साखर किंचित् वाढण्याचा संभव असतो. १९९६ सालीं अमेरिकेंत प्रौढांसाठीं या उपचारास मान्यता मिळाली.

तथापि दोष कमी झाला म्हणजे आयुष्य वाढलेंच, असें सिद्ध होत नाहीं. २००१ सालीं ब्रिटनमधील १,०१४ रुग्णांच्या पाहणींत अपेक्षित सुमारें ९७ मृत्यूंच्या जागीं १८१ आढळले. परंतु तेथें किरणोपचार व इतर संप्रेरकांची उणीव यांचाही वाटा दिसून आला. उपचारानें हृदयविकाराचे मृत्यु निश्चितपणें टळतात, असें दाखविणारा मोठा व दीर्घकालीन तुलनात्मक प्रयोग झालेला नाहीं. शिवाय अतिरेकाचा धडाही जुनाच आहे. १८८६ सालीं पिएर मारी यांनीं ज्याचें वर्णन केलें त्या अ‍ॅक्रोमेगली रोगांत हेंच संप्रेरक उतूं जातें, आणि हृदय वाढून निकामी होऊं शकतें. म्हणून रक्ताची वारंवार तपासणी करून, उणीव सिद्ध झालेल्यासच, बेतानें तें द्यावयाचें असतें. निरोगी वृद्धास तारुण्य देणारें तें रसायन नव्हे. ज्यांची ग्रंथि खरोखरच निकामी झाली आहे, त्यांना मात्र १९६२ सालच्या त्या स्त्रीनें सांगितलेला जोम आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं.