नारळापासून मोटारीपर्यंत

बिदर जिल्ह्यातील जुन्या मराठी घरांत अजूनही एखादे चांदीचे कडे जपून ठेवलेले आढळते. ते अंगावर घालण्याचे नव्हे. आजोबांनी कुठल्याशा जत्रेत मारलेल्या अखेरच्या कुस्तीचे. आमच्या लहानपणी पोरांच्या कुस्त्यांना रेवड्या व नारळ, मधल्या जोडींना थोडे रोख आणि शेवटच्या कुस्तीस कडे-फेटा असा बक्षिसांचा क्रम असे.

हुमनाबादची वीरभद्रेश्वराची जत्रा असो वा माळेगावची खंडोबाची, जोड मैदानातच ठरे. पंचांच्या नजरेत वय व अंगलट जुळली की दोघांचे हात एकमेकांत देऊन त्यांना हलगीच्या ठेक्यावर हौद्याभोवती फिरवीत. घड्याळ नसे. पाठ लागेपर्यंत झुंज. अंधार पडला तर बरोबरी. गाव विचारीत ते केवळ नाव पुकारण्यासाठी. मल्ल कानडी की मराठी, याची चौकशी कोणी केल्याचे आम्हास स्मरत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. १९६१ साली औरंगाबादेत पहिला 'महाराष्ट्र केसरी' दिनकर दह्यारी ठरले. १९६९ साली हाच किताब लातूर येथे हरिश्चंद्र बिराजदार यांनी जिंकला व पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यांचे रामलिंग मुदगड हे गाव निलंगा तालुक्यातले, म्हणजे फाळणीपूर्वीच्या आमच्याच जिल्ह्यातले! आमच्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा पेढे वाटले होते, ते याच हिशेबाने.

पुढे मातीशेजारी गादी आली. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव व गुणांची मोजणी आली. २०१५ मध्ये मल्लांचे लिलाव करणारी व्यावसायिक लीग निघाली. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे यांना मानाच्या गदेबरोबर मोटारगाडी मिळाली. याविषयी आमची तक्रार नाही. दूध, तूप, बदाम यांचा खुराक नारळावर भागत नसतो. उलट कडे मोडून खुराक भागविलेले मल्ल आम्हास ठाऊक आहेत.

आमची रुखरुख निराळी आहे. या नव्या स्पर्धेत मल्ल उतरतो तो आपल्या जिल्ह्याच्या वा शहराच्या संघातून, आणि आमचा जिल्हा त्या यादीत नाही. शासकीय सेवेत असताना भालकीकडील एक शेतकरी आमच्याकडे मुलाच्या रहिवासी दाखल्यासाठी आला. मुलगा लातूरच्या तालमीत घुमत होता व त्याला तेथूनच खेळावयाचे होते. दाखल्यावर गावापुढे 'कर्नाटक' लिहू नये, एवढेच त्याचे मागणे. आम्ही खरे तेच लिहिले आणि सही केली. शेतकऱ्याने कागद घडी करून मुकाट्याने टोपीत ठेवला.

दोन वर्षांनी हुमनाबादच्या जत्रेत तो मुलगा आम्हास दिसला. दुपारचीच कुस्ती होती. पुकारणाऱ्याने त्याचे नाव कानडीतून घेतले, मग मराठीतून. पाठोपाठ हलगी सुरू झाली.