दोन राष्ट्रीय दिवस व त्यांची निवड



१५ ऑगस्ट हा आम्हां कॅथोलिकांचा दुहेरी आनंदाचा दिवस. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण व देशाचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशीं येतात. हा योग कोणीं मुद्दाम जुळविला असावा, असें भाविकांस वाटल्यास नवल नाहीं. परंतु इतिहास निराळें सांगतो.

राष्ट्रानें स्वतः निवडिलेला दिवस प्रथम २६ जानेवारी हा होता. डिसेंबर १९२९ मध्यें लाहोर येथें पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि २६ जानेवारी १९३० या रविवारीं ठिकठिकाणीं लोकांनीं स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. सत्ता परक्यांच्या हातीं असतांही तो दिवस पुढें प्रतिवर्षीं पाळला गेला.

१५ ऑगस्टची निवड मात्र सत्ता सोडणाऱ्यांनीं केली. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनीं जून १९४८ ची मुदत दिली होती. ती लॉर्ड माउंटबॅटन यांनीं दहा महिने अलीकडे ओढिली. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वार्षिक दिन, म्हणून आपण तो निवडिला, असें त्यांनींच मागाहून सांगितलें. या घाईचें मोल प्रजेनें दिलें. पंजाब व बंगालची सरहद्द १७ ऑगस्ट रोजीं प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्याचे ध्वज उभारले गेले तेव्हां आपलें गांव कोणत्या देशांत पडलें, हें असंख्य कुटुंबांस ठाऊक नव्हतें.

पुढें निवड आपल्या हातीं आली. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकृत झालें. तरी त्याचा पूर्ण अंमल २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबविला, आणि जुन्या प्रतिज्ञेस तिचा मान परत मिळाला.

येथें आपल्या धर्मपरंपरेचें स्मरण होतें. स्वर्गोन्नयनाचा सण भाविक जन कित्येक शतकें पाळीत आले. पोप बारावे पायस यांनीं तें श्रद्धासत्य म्हणून घोषित केलें तें १ नोव्हेंबर १९५० रोजीं. प्रथम लोकांची निष्ठा, मागाहून अधिकाराची मुद्रा, हाच क्रम दोहोंकडे दिसतो.

दिवस कोणींही ठरवो, त्यास पावित्र्य येतें तें पाळणाऱ्यांमुळें. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवींही वर्षें मोजून भागणार नाहीं. पूर्वजांनीं ज्या निष्ठेनें हीं वर्षें भरलीं, ती देवाच्या व देशाच्या सेवेंत आपल्या हातून अखंड राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.